बारा अंश कमी

परसात नळाची पाइप टाकायला खणलं
तेव्हा कुदळीला लागला मंडूर.
मुठीएवढा, काळा, फसफसलेला,
थिजताना बुडबुडे धरून बसलेला.
अब्बा म्हणाले, आपल्याच भट्टीचा असणार,
तंबोऱ्यांच्या आधीचा,
शिकलगार तलवारींना धार लावायचे तेव्हाचा.
मग कानस उचलून
पुन्हा घोडीवर वाकले.

मी तो कॉलेजात नेला.
लोखंडाचा मळ खरा, पण जात दगडाची:
एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन,
आणि अशा चौकड्यांच्या सांदीत लोखंड.
हिरव्या लेसरखाली तो बोलला.
बोलला म्हणजे पडद्यावर दोन शिखरं आली,
आठशे पंधरा, आठशे चाळीस,
जोडीच्या तारांसारखी शेजारी शेजारी.
तापवत नेलं तशी उतरली,
रुंदावली,
एकीचा उतार दुसरीच्या चढात शिरला.
घरी सांगितलं. अब्बांना नवल नाही.
"एप्रिलात तार उतरतेच.
तुझ्या दगडाला वेगळा कायदा कशाला?"

थंड करायला नायट्रोजन हवा होता.
कॉलेजच्या खर्चात बसेना.
बेडगच्या जनावरांच्या दवाखान्यात असतो,
वळूंचं वीर्य ज्यात राखतात तो.
बिराप्पा कंपाउंडरने एक कॅन दिला,
वहीत सही घेतली,
आणि विचारलं, कारण काय लिहू?
मी म्हटलं, लिहा, संशोधन.
त्याने लिहिलं: म्हैस, एक.

स्कूटीवर पायांत धरलेला कॅन
बेडग रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला
पांढरा उसासा टाकत होता.

सत्त्याहत्तर केल्विन.
जवारीचा जीव नेमक्या जागी सरकावा
तशी शिखरं सुटी झाली, सुईसारखी.
थरथर थांबली नव्हती,
ती म्हणे शून्यावरही थांबत नाही.
फक्त एकीच्या बोलण्यात
दुसरी आता बोलत नव्हती.

मग काट्याला टांगून चुंबकापाशी धरला.
गार होत गेला तशी त्याची ओढ वाढत गेली,
काटा खाली, आणखी खाली.
आत मात्र लोखंडाचा अणू न् अणू
अजून मनाला येईल तिकडे तोंड करून.
पासष्टला ते एकमेकांचं ऐकतात.
पुस्तकात आहे:
एक वर, शेजारचा खाली,
एक वर, शेजारचा खाली,
आणि तिथून चुंबकाची ओढ कमी होऊ लागते.
आपापसात ठरलेलं असतं त्यांचं.
बाहेरच्याच्या हाती बेरीज, ती जवळजवळ शून्य.
एवढी शिस्त,
आणि टाचणीसुद्धा उचलायची नाही.

सत्त्याहत्तरातून पासष्ट गेले, बारा.
नायट्रोजन त्याच्याखाली सहज उतरत नाही.
हीलियम उतरतो. तो मिरजेत आहेही,
मोठ्या दवाखान्यांत, एमआरआयच्या पोटात,
पण तिथे बिराप्पा नाही.

अब्बा म्हणाले, बारा म्हणजे एक सप्तकच की.
मी म्हटलं, अब्बा, ते बारा वेगळे, हे वेगळे.
नुसता योगायोग.
"असू दे," म्हणाले,
आणि मंडूर कानाशी धरून
नखाने टिचकी मारली.
बराच वेळ तसेच बसले.
काय ऐकलं ते मी विचारलं नाही.
माझ्याकडे त्याचा आलेख होता.

आता तो खिडकीत आहे, वीजबिलांवर वजन म्हणून.
उद्या दुपारी बेचाळीस होईल,
त्याच्यातली जोडी थोडी उतरेल.
मागच्या खोलीत अब्बा दुसरी जोडी चढवतायत,
खुंटी करकरते, थांबते, करकरते.

कॅन रिकामा झालाय.
सकाळी परत द्यायचा.
बिराप्पा विचारेल, म्हैस गाभण राहिली का.