बारीक अक्षर

कंपनीने मला फ्रीज दिला, फुकट.
काचेच्या दाराचा, आतून निळा उजेड.
वर दुकानाची पाटीही रंगवून दिली:
कंपनीचं नाव म्हशीएवढं,
आणि खाली कोपऱ्यात, उंदराएवढं,
'मेतर किराणा, तोंडवळी'.
कुणी विचारलं, वहिनी, तुमचं दुकान कुठलं,
तर मी सांगायचे, ते लाल.

अट एकच.
आत बाटल्या फक्त आमच्या.
ताक नाही, मासळी नाही.
घरचा फ्रीज बंद पडला तेव्हा सासऱ्यांचं इन्सुलिन
दोन दिवस ठेवलं खालच्या कप्प्यात, बाटल्यांच्या मागे,
तर बुधवारी येणारा दिग्विजय कानकोंडा होऊन म्हणाला,
"वहिनी, काढा ते. फोटो पाठवावा लागतो वर."
वर म्हणजे कुठे,
ते त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं.

पाकिटांच्या माळा कुठे टांगायच्या तेही त्यानेच दाखवलं:
मोठ्यांच्या कमरेच्या खाली.
साडेअकराला शाळेची मधली सुट्टी होते,
पाचाचं नाणं आधी येतं, मागून पोर.

मीही खाल्लीत. खोटं कशाला बोलू?
दुपारी गिऱ्हाईक नसताना एक फोडायची,
दुसरं कधी फुटलं कळायचं नाही.
चवच अशी बेतलेली, की पोट काही बोलायच्या आत
हात परत पिशवीत.
आमच्या पेजेला हे जमत नाही.
पेज पोट भरते आणि गप्प बसते.

तांडेलांचा हर्षल दुसरीत आहे.
नुकता वाचायला लागलाय, दिसेल ते वाचतो,
एस.टी.ची पाटी, खताची गोणी, लग्नाचा फलक.
एकदा पाकिटाची मागची बाजू घेऊन बसला पायरीवर,
नाक टेकवून.
"ना-र-ळ-स-दृ-श स्वाद.
काकी, सदृश म्हणजे काय गो?"
म्हटलं, तसाच, पण तो नव्हे.
त्याने पाकीट उलटलं.
पुढे माड, होडी, निळी खाडी, आमचीच वाटावी अशी.
"मग नारळ खंय आसा?"

मागच्या परड्यात माझे अकरा माड.
पंधरा दिवस पाडेलीची वाट बघत होते मी,
आणि दुकानात सदृश विकत होते.

बुधवारी दिग्विजयला सांगितलं, फ्रीज घेऊन जा.
तो म्हणाला, "एकट्या तुमच्या दुकानाने काय होणार, वहिनी?"
"काय एक होणा नाय. माका ठाव आसा."
टेम्पो येईपर्यंत तो बाकावर जेवायला बसला.
डब्यात नाचण्याची भाकरी, सुकटीची चटणी.
मी त्याच्यापुढे त्याचीच एक गार बाटली धरली.
"नको," तो म्हणाला, "आई ओरडते."
आम्ही दोघंही हसलो,
मग तो जरा जास्त वेळ भाकरीकडे बघत राहिला.

फ्रीज गेला. लादीवर पांढरा चौकोन उरला.
तिथे आता टोपली असते: उकडलेले करांदे,
दिवस असतील तसे शेंगा, भाजलेल्या आठळ्या,
आणि माठात कोकम, गूळ घातलेलं.
पहिल्या दिवशी कुणी हात लावला नाही.
तिसऱ्या दिवशी हर्षलने एक करांदा घेतला, तोंड वाकडं केलं.
"मीठ कमी."
बरोबर होतं. मीठ कमीच होतं.

धंदा पडला थोडा. थोडा म्हणजे,
उधारीची वही जाड झाली एवढा.
पाटी तीच आहे, पुसायचे पेंटर दोन हजार मागतो.
मी खाली खडूने रोज लिहिते, आज काय आहे ते,
म्हशीएवढं नाही, पण शेळीएवढं तरी.

माळा काढल्या नाहीत. दुकान आहे, मठ नव्हे.
वाशाला टांगल्यात, उंच.
हवं तर मागायचं,
आणि मागणाऱ्याने आधी मागची बाजू मोठ्याने वाचायची,
हा माझा नियम. माझीही एक अट.

बहुतेक पोरं धडाधडा वाचतात
आणि पाकीट घेऊन पळतात.
एखादं मात्र मध्येच अडतं,
बोट त्या शब्दावर ठेवून
माझ्याकडे बघतं.