मुकी अक्षरं

मेनच्या या टोकाला, जिथून नदीपलीकडे कॅनडा दिसतो,
बटाटे निघतात तेव्हा शाळा तीन आठवडे बंद असते.
मुलं परत येतात ती नखांत माती घेऊन,
आणि पहिले दोन दिवस
वर्गाला तळघराचा वास येतो.
मी बोलत नाही. खिडकी जराशी उघडते.

यंदा नोव्हेंबरात बर्फाची एक कविता घेतली होती.
बारा ओळी. एक बाई दारात उभी असते
आणि अंगण पांढरं होत जातं, बस.
प्रश्न: कवितेतल्या बर्फाचा अर्थ काय? वीस गुण.
सोबत आलेल्या कागदावर तीन शब्द छापलेले:
मरण, मौन, विस्मरण.
एक जरी आला तरी दहा द्यायचे.

जोलीन मिशोनं तिन्ही लिहिले, वळणदार अक्षरात,
शिवाय पदरचा एक: क्षमा. तिला सतरा.
ट्रेंटनं लिहिलं, बर्फ म्हणजे बर्फ.
प्रामाणिकपणाचे दोन.

रेमी सिरनं लिहिलं:
बर्फ पडला की बाबांचा फोन रात्री अडीचला वाजतो.
ट्रकला फाळ लावायचा, मागे मीठ भरायचं.
तासावर पैसे, वादळ असेल तर दीडपट.
गेल्या साली जानेवारी कोरडा गेला,
आईनं शिलाईचं यंत्र विकलं.
त्या बाईचं अंगण कोण साफ करणार
हे कवितेत सांगितलेलं नाही.

मी समासात लिहिलं: मुद्दा सोडून. चार.
त्यानं कागदाची घडी घातली. वाद घातला नाही.
इथली मुलं वाद घालत नाहीत.

माझी आई याच इमारतीत शिकली.
मधल्या सुट्टीत तोंडून फ्रेंच निसटलं
म्हणून तिला शंभर वेळा लिहावं लागलं होतं
की मी पुन्हा असं बोलणार नाही.
तिचं इंग्रजी अक्षर फार सुंदर होतं.
तिनं कधी कुणाला पत्र लिहिलं नाही.

हे मला तेव्हा आठवलं नाही.
मंगळवारी आठवलं, उजाडायच्या आधी,
छतावर नारिंगी दिवा फिरायला लागला तेव्हा.
फाळ रस्ता खरवडत आला, माझ्या दाराशी थांबला.
नऊ वर्षं माझ्या अंगणाचं काम त्यांच्याकडेच आहे,
दर डिसेंबरला चेक मीच लिहिते.
बाप ट्रकमध्ये, आणि खाली उतरून
टपालपेटीभोवतीचा ढीग उपसत होता रेमी.
त्यानं वर पाहिलं नाही.
ते पुढच्या घराकडे गेले
आणि असं काही सामसूम झालं
की छापील उत्तरही बरोबर असेल, वाटलं मला.

सातला कॉफीच्या कपाशेजारी पेपर पुन्हा उघडला.
अर्थ असा रोख मोजून
आजवर कुणी माझ्या हातावर ठेवला नव्हता.
चारच्या डावीकडे एक काठी ओढली: चौदा.
'मुद्दा सोडून' खोडावं म्हटलं,
पण लाल शाई खोडली की जास्तच दिसते.
एक चूक मात्र सुधारली.
'नाइट' लिहिताना त्यानं मधली
दोन मुकी अक्षरं गाळली होती.
ऐकू येत नाहीत ती, पण असतात.
पेन्सिलीनं, बारीक, जागच्या जागी बसवली.

सहाव्या तासाला तो बाकावर झोपला होता.
पेपर त्याच्या कोपराखाली सरकवला
आणि पुढची कविता
जरा हळू आवाजात वाचायला घेतली.