पुस्तक घोड्यांचं

गाढव क्रमांक चार. मादी. डाव्या पाठीवर खोगिराची जखम.
मालकीण लालिसे दोरी सोडत नाही.
"नाव आहे तिला. दम्मा. म्हणजे मध."
मी रकान्यात चारच लिहितो.

गेल्या मंगळवारी थायोपेंटल:
भिंत बसावी तशी खाली आली,
उठताना पाचदा धडपडली,
पाचव्या वेळी लालिसेनं डोळे मिटले होते.

आज झायलझीन, मागून केटामीन.
आधी मान उतरते, खालचा ओठ लोंबतो,
मग गुडघे, सावकाश,
बिशोफ्तूचा बाजार उठल्यावर
पोतं खाली ठेवावं तसे.

डॉक्टर फेयिसा पापणीला बोट लावतात.
जखमेतून चिंधीचा जुना तुकडा निघतो,
त्याआड आणखी एक.
पुस्तकात वीस मिनिटं दिलीत.
अकराव्याला कान हलतो.
पुस्तक घोड्यांचं आहे.
घोड्याला पुरतं ते हिला पुरत नाही,
हिचं रक्त औषध भराभरा संपवतं,
कामावर उशीर होईल म्हणून
घास न चावता गिळावा तसं.
"अर्धा अजून," डॉक्टर म्हणतात.
मी वेळ टिपतो, हात जरा थरथरतो.

उठली. एका झटक्यात.
उठण्याचे प्रयत्न: एक. शेरा: शांत.

"मग हेच चांगलं?" लालिसे विचारते.
"अजून आठ गाढवं व्हायचीत."
"उद्या पाणी वाहील?"
"पंधरा दिवस नाही."

ती भिंतीशी ठेवलेला पिवळा कॅन उचलते,
दोरी कपाळावरून नीट करून
स्वतःच्या पाठीला बांधते.
दम्मा मागून चालू लागते, मोकळी,
पाय अजून थोडे वाकडे पडत.