अपूर्ण वर्तमानकाळ

पाचपावलीच्या शाळेत खिडकी लावून घेतली
तरी मागच्या गल्लीतले दोन माग वर्गात येतातच,
खटखट, खटखट,
आणि त्यांच्यावरून मी ओरडते :
आय ॲम, यू आर, ही इज.

जुलैत रुणाली परातेनं विचारलं होतं,
"मॅडम, इथं एस काहून लागते?"
मी आधी 'काहून' दुरुस्त केलं.
का. कशासाठी. कशामुळे.
एकाच्या बदल्यात तीन शब्द दिले, फळ्यावर, ओळीत.
एसचं राहूनच गेलं.
नंतर तिनं काही विचारलं नाही.
वही मात्र स्वच्छ, समास आखलेला.
मला वाटलं, सुधारली.

पालकसभेला तिचे वडील आले,
पिशवीत रिकाम्या कांड्या, केसांवर सुताचे तंतू.
"काय झालं मॅडम? पोट्टी घरी
इंग्रजीचं नावच घेऊन नाई राहिली."
'घेत नाही' म्हणायला मी तोंड उघडलं
आणि तसंच मिटलं.

उमरेडहून आई रोज फोनवर विचारते,
काय करून राहिली व?
मी बाल्कनीत जाते, दार ओढून घेते,
मग सांगते : वह्या तपासून राहिली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं,
तो माग चालवते.
तो माग चालवून राहिला.
फरक काय?
दुर्वास निनावे, ज्याचा हात वर्षभरात वर गेला नव्हता :
"पयला रोजचा. दुसरा आत्ता.
आयका न, आवाज येऊन राहिला."
अख्खा वर्ग खिडकीकडे वळला.
खाली मी जोडलं :
ही रन्स द लूम. ही इज रनिंग द लूम.
"म्हंजे मॅडम, इंग्रजायलेबी 'राहिला' लागते?"
"लागते," मी म्हटलं.

पेपरात एस सुटला तर मार्क जाईल, हेही सांगितलं.
त्यात सूट नाही.
तपासणाऱ्याला आपले माग ऐकू येत नाहीत.

रुणाली त्या दिवशीही गप्पच.
संध्याकाळी तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर
पेन्सिलनं, खोडता येईल इतकं फिकट :
एस काहून लागते, ते सांगतलंच नाई तुमी.

लाल पेनाला टोपण लावलं.
खरं तर मलाही नीट माहीत नाही.
कंपासमधली पेन्सिल शोधली,
खाली लिहिलं :
शोधून राहिली.