सोल

नाव ठरायच्या आधीच भांडण झालं.
क्लाइव्हला नावात राजे हवे होते, निदान सरदार तरी.
नोरीन म्हणाली, आधी जागेचं भाडं भरा, मग राज्य करा.
हल शहरात, हेसल रोडच्या मागे,
हेरिंगला धुरी द्यायची एक बंद पडलेली भट्टी:
आम्ही सातजण, एक हीटर,
भिंतींवर तीस वर्षांची काजळी,
टेकलं की कोट आपला राहायचा नाही.

सत्त्याहत्तरचा जानेवारी.
बोटी गोदीत बांधलेल्या, गंज खात.
बाप लोक भरदिवसा घरात,
आयांच्या पायात येणारे,
चहा झाला का विचारणारे.

काम होतं ते पोरींना.
नोरीन सहाच्या भोंग्याला उभी राहायची
मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात, समोर कॉडचा ढीग.
संध्याकाळी माइक धरायची तेव्हा बोटं मिटायचीच नाहीत,
म्हणून तिनं तो दोन्ही तळव्यांत धरला,
गरम कप धरावा तसा.
नंतर लोक म्हणाले, काय स्टाइल आहे!

ऑल्टनचा बाप ब्रिजटाउनहून बोटीवर आलेला, बोटीवरच राहिलेला.
रेकॉर्ड्स त्याच्या मामाच्या, लीड्सहून, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
सॅक्सोफोन हप्त्यावर:
छप्पन्न आठवडे, आठवड्याला दीड पौंड.
सही बापाची, अक्षर ऑल्टनचं.

मी ड्रमवर. म्हणजे एक खरा ड्रम,
बाकी माशांच्या पेट्या.
पेट्यांना वास होता, आम्हालाही होता,
त्यामुळे कुणी कुणाला काही बोललं नाही.

एकदा विल्फनं बेस खाली ठेवला. पाच आठवडे झाले होते
एकाच गाण्यात अडकून.
"सोल सोल म्हणतो आपण. म्हणजे नक्की काय?"
ऑल्टन गप्प. असल्या प्रश्नांना तो सिगरेट पेटवायचा.
नोरीन म्हणाली, "शेपटीशी धरायचं. सुरी आडवी.
मग एका दमात ओढायचं.
घाई केलीस तर कातडीबरोबर मांस येतं,
घाबरलास तर कातडी मध्येच तुटते."
"आणि?"
"आणि काय? सोल."

मार्चमध्ये क्लब मिळाला. बिंगोनंतर, पॅटिसच्या आधी,
वीस मिनिटं.
दारात वहीत ऑल्टनला दोनदा सही करायला लावली.
आम्हाला एकदा.
त्यानं दुसऱ्यांदा जास्त सुबक केली.

पहिलं गाणं कुणी ऐकलं नाही.
दुसऱ्याच्या मध्यावर सेक्रेटरी मंचावर आला,
नोरीनच्या हातातून माइक घेतला,
माइकवर हलकेच फुंकलं आणि म्हणाला:
"मंडळी, पॅटिस आले."

खुर्च्या सरकल्या. सगळा हॉल उठून
पाठ फिरवून रांगेत.
मी काठ्या खाली ठेवणार होतो, शपथेवर सांगतो,
पण ती थांबली नव्हती.
माइक नव्हता, बोटं तशीच अर्धी उघडी,
आणि गळ्यातून असं काही येत होतं
जे भट्टीत पाच आठवडे एकदाही आलं नव्हतं.

रांग काही थांबली नाही. गरम पॅटिस सोडून
कोण थांबेल?
पण रांग पुढे सरकत होती ती माझ्या ठोक्यावर.
डावा पाय, उजवा पाय,
कागदी बशी छातीशी,
चाळीस-पन्नास बेकार खलाशी आणि त्यांच्या बायका,
आणि एकालाही पत्ता नाही.
मी लय थोडी ओढली. रांग ओढली गेली.
एवढी सत्ता मला पुन्हा कधी मिळाली नाही.

अकरा आठवडे टिकलो.
बुधवारी माणूस आला, सॅक्सोफोन घेऊन गेला,
पावती दिली, फार सभ्य होता.
क्लाइव्ह विमा विकतो. ऑल्टन कुठे आहे
मला माहीत नाही, आणि विचारलं मी उशिरा.

हप्त्याचं पुस्तक माझ्याकडे कसं आलं कोण जाणे.
चौदा शिक्के, पुढची पानं कोरी.
विल्फ भेटला की छाती ठोकून सांगतो,
त्या रात्री आपण अगदी सुरात होतो.
नव्हतो.
नोरीन होती.