पाचवी गोळी

मला चाळीस पटीची हवी होती.
मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी,
दस्तगीर मुलाणींच्या दुकानात
काचेवर बोट ठेवून म्हटलं, ही.
त्यांनी ती उचललीसुद्धा नाही.
लक्ष्य चाळीस पट दिसतं तेव्हा
छातीही चाळीस पट धडधडते, वैजू.
फुली नाचेल, तू तिच्यामागं पळशील.
ऊन, धूळ, श्वास, सगळंच मोठं होतं,
नेम तेवढा होत नाही.

चोवीस पटीची घेतली मग.
नळी चौतीस मिलिमीटरची, जाडजूड,
आतल्या भिंगांना वरखाली सरकायला जागा पाहिजे म्हणून.
त्यात माझी शिष्यवृत्ती, दादानं विकलेली फटफटी
आणि आईचे बेदाणा निवडायचे दोन हंगाम.
बिलाकडं मी एकदाच पाहिलं.

खालच्या कड्यांना पेस्ट लावून
ते लोखंडी दांडा पुढंमागं घासत राहिले,
चकाकी सगळीकडं सारखी येईपर्यंत.
समोरच्या दुकानात कुणी घोडीवर कानस फिरवत होतं,
जवारी काढत होतं.
दुपारभर दोन्हीकडून एकच आवाज.

मुलाणींच्या उजव्या डोळ्यात आता दूध आहे.
बत्तीस वर्षं पलटणीच्या वर्कशॉपात
दुसऱ्यांच्या बंदुका सरळ केल्या,
भुवईवर एक जुनी कोर आहे,
दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसवली होती कुणीतरी,
कुणी ते सांगत नाहीत.

डोळे मिट. गाल टेक दस्त्यावर.
मान अवघडली का? नाही? उघड.
कडेला काळी सावली होती, ग्रहण लागल्यासारखी.
त्यांनी दुर्बीण नखभर मागं सरकवली. सुटलं ग्रहण.

भिंतीवर गवंड्याचा ओळंबा टांगला.
उभी रेघ दोरीवर बसली का?
केसभर डावीकडं आहे.
कुणाच्या केसाइतकं?
हसू आलं मला, आणि रेघ हलली.
हसून झालं की सांग, म्हणाले.

मग स्क्रू. टॉर्कचा पाना, अठरावर थांबायचं,
एक इकडचा, एक तिकडचा,
नवरानवरीला हळद लावतात तसं, थोडं थोडं.

ढालगावच्या माळावर, बंद पडलेल्या खडीच्या खाणीत
शंभर मीटरवर कागद लावला.
पहिली गोळी मधोमध.
वर दहा टिचक्या, दुसरी.
उजवीकडं दहा, तिसरी. खाली दहा, चौथी.
डावीकडं दहा. आता ही पाचवी
पहिलीच्या भोकात घरी आली पाहिजे.

नाही आली. दोन बोटं बाहेर.

दुर्बीण वाईट निघाली, मी म्हटलं.
दादाची फटफटी डोळ्यांसमोरून गेली.
मुलाणी कड्यांवरून अंगठा फिरवत होते.
पुढचा डावा स्क्रू कुणी आवळला?
मीच. रात्री. अर्धा फेरा.
भीती वाटली, ढिला पडेल म्हणून.
ते रागावले नाहीत. चहा मागवला,
सगळे स्क्रू सोडले,
पुन्हा पाणसळ, पुन्हा ओळंबा, झाडाला बांधून,
पुन्हा अठरा. पुन्हा शून्य.
ऊन डोक्यावर आलं.

कागद आणून त्यांच्या हातात दिला.
त्यांनी तर्जनीनं चाचपला,
चार कोपरे, आणि पहिल्या भोकाची कड
एका बाजूला जराशी फाटलेली.
आली, म्हणाले. कागदाची घडी केली,
खिशात ठेवली. मला दिली नाही.

मग तीनशे मीटर.
एका टिचकीला आता तीन सेंटीमीटर.
वारं काय म्हणतंय?
टेकडीवरची पवनचक्की म्हणते, पश्चिमेचं.
बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळी म्हणते, काहीच नाही.
आणि भिंगात मृगजळ?
उजवीकडं वाहतंय. नाही, थांबलं.
आता उकळल्यासारखं सरळ वर.

दोन टिचक्या, की एक?
त्यांनी तोंड माळाकडं केलं,
दोन्ही डोळे मिटून.
मी बोट टरेटवर ठेवून आहे.