ऑर्व्हेकची मापं

गेट्सहेडला, टाइन नदीच्या अलीकडे, टायरच्या दुकानामागे
आमचं शिवणघर होतं.
पत्र्याचं छप्पर, एक कुरकुरा हीटर,
आणि खिळ्याला ऑर्व्हेकचा झगा.
नऊ सूर्य विझवलेला ऑर्व्हेक.
दर हंगामाच्या शेवटी मरायचा,
पुढच्या हंगामात दुसरं तोंड घेऊन हजर.

झगा एकच. आतली माणसं बदलायची.
मी उसवायचे, परत घालायचे,
आणि दर शिवणीत दोन बोटं माया ठेवायचे.
येणाऱ्याचं अंग कसं असेल, कुणाला ठाऊक.

ऑफिसच्या फाइलीत त्यांना नुसते आकडे.
बघणाऱ्या पोरांनी भारदस्त नावं ठेवली :
राखेचा ऑर्व्हेक, आरशातला ऑर्व्हेक,
अखेरचा ऑर्व्हेक, ज्याच्यानंतर आणखी दोन झाले.
माझी नावं मापांच्या वहीत, इंचांच्या शेजारी,
मराठीत, म्हणजे नोरीनला कळायला नकोत.

पहिला खोकलोबा.
छाती अडतीस, खोकून झाल्यावर छत्तीस.
टेप लावली की माफी मागायचा,
जणू बरगड्या त्यानं उसन्या आणल्यात.
पडद्यावर तोच खोकला क्रूर हसू झाला,
आणि पुढच्या सगळ्यांना तसंच हसावं लागलं
फुफ्फुसं ठणठणीत असताना.

दुसरा उतरंड्या. डावा खांदा पाऊण इंच खाली,
डरहॅमच्या खाणीत होता म्हणे, मिसरूड फुटायच्या आधी.
झगा त्याच्यावर कधी सरळ पडलाच नाही.
लोक म्हणाले, काय ती दुष्ट चाल!

तिसऱ्याला नाव नाही. तीन भागांत आटोपला.
अस्तर उसवलं तर आत खिसा,
मी न ठेवलेला.
पांढऱ्या दोऱ्यानं, बऱ्यापैकी टाके,
आणि खिशात सदरलंडचं बसचं तिकीट, परतीचं.

चौथी बाई होती.
इंग्रजीत तिचं सहज निभावलं,
माझ्या वहीत क्रियापद अडलं :
ऑर्व्हेक मरतो, की मरते?
आरशापुढे उभी राहून तिनं विचारलं,
‘मी तोच आहे, की त्याची कुणी?’
तोंडात टाचण्या होत्या. तशीच म्हणाले,
‘झगा तोच आहे, बाई.’

रात्री भांडी घासताना आठवलं,
मी इंदुमती होते.
लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं
वैजयंती लिहिलं.
ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले, सगळे जेवले, मीही.
पगाराच्या पाकिटावर व्ही. केतकर.
नोरीन नुसतं ‘व्ही’ म्हणते,
शिट्टी मारावी तसं.

पाचवा पोरगाच, काउडनहून आलेला. ल्यूक्रॉफ्ट आडनाव.
आधीचे चौघे त्याला तोंडपाठ,
कोण कुठल्या ग्रहावर कसा मेला तेसुद्धा.
हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला,
‘मला काय म्हणतील?’
मग वहीकडे बोट दाखवलं. ‘त्यात काय लिहिलंय?’

बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मी वाचून दाखवलं.
खोकलोबा त्याला चांगलं म्हणता आलं,
उतरंड्याचा ड जिभेवरून घसरला.
मग तो हसून दाखवू लागला, ते ठरलेलं हसू,
आणि मी सांगितलं की ते हसू नव्हतं.

तो स्टुलावर बसला.
हीटर बराच वेळ एकटाच बोलत होता.

गुरुवारी चित्रीकरण. मी बाही धरून कोपऱ्यात.
दहावा सूर्य विझवण्याआधी
त्यानं हळूच माफी मागितली.
संवादात नव्हती.
दिग्दर्शक ओरडला, पुन्हा घ्या.
पुन्हा घेतलं. पुन्हा मागितली.

त्याची छाती सदतीस.
शेजारी अजून काही लिहिलेलं नाही.
नोरीन म्हणते, किती ढगळ ठेवलायस, आत घे की.
असू दे म्हटलं. माया आहे.